मनगटावरचा दुसरा घाव

कोथरूड, मंगळवार, १४ मार्च २००६

आज मी एका माणसाला मारलं. केतकीचं व्हायोलिन तिच्या नवऱ्याने भिंतीवर आपटलं होतं. त्याची चीर सरसाने सांधून मी ते वाळत ठेवलं होतं. दुपारी तोच माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आला, हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच.

"अहो, मी फोडलेलं तुम्ही कशाला जोडताय?" म्हणाला आणि व्हायोलिन मानेला धरून उगारलं. चीर करकरली. मी लाकडी हातोडी त्याच्या मनगटावर हाणली. तो कळवळत खाली बसला, तरी पुन्हा हाणली.

पहिला घाव व्हायोलिनसाठी. दुसरा कशासाठी? बरं वाटलं म्हणून?

संध्याकाळी केतकी आली. तिला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. ती माझ्या हाताकडे बघत हळूहळू दाराकडे सरकली. घरी नवऱ्यासमोरही अशीच सरकत असेल.