आडातली पूड

रहिमतपूर,
१६ मे १९७५

प्रिय महेजबीन,

उशीर झाला म्हणून रुसू नकोस गं. चार दिवस झाले, पत्र लिहायला घेते आणि फाडून टाकते.

गेल्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली, तेव्हा नगरपालिकेची वाट बघत बसायचं नाही असं आपण ठरवलं होतं. तू लग्न होऊन सांगलीला गेलीस, पण गल्लीनं काम सोडलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या दारचं गटार झाडायचं आणि दर सोमवारी एका घरानं आडात जंतुनाशक पूड टाकायची. डबा माझ्याकडे. पुढारीण ना मी, लय मिरवले.

परवाच्या सोमवारी पाळी तुझ्या अब्बांची होती. चाचांचा गुडघा सुजलेला, म्हणून पहाटे मीच गेले. आमच्या सासूबाई तुला ठाऊकच आहेत, डबा रिता होत आलेला दिसला की त्यांना राहवत नाही. उरलीसुरली पूड त्यांनी कागदात बांधली आणि डब्यात उसाच्या किडीची विषारी पूड भरून ठेवली. मला सर्दी, वासही कळला नाही. बादलीत कालवली, वरचं पाणी आडात ओतलं आणि खालच्या गाळानं गुरांची डोण घासली.

त्या डोणीत शेजारच्या मनुबाईची म्हैस पाणी प्याली आणि तासाभरात फेस गाळत मेली. आड लगेच बंद केला म्हणून माणसं वाचली. घरी येऊन मी डबा पुन्हा उघडून बघितला आणि सासूबाईंना विचारलं, तेव्हा हे सगळं कळलं.

पाळी अल्लाबक्षचाचांची, हे सगळ्यांना पाठ, म्हणून विष त्यांनीच कालवलं असा बोभाटा झाला. त्यांच्याकडे कल्हईला कुणी भांडं टाकत नाही आता. काल कुणीतरी त्यांचा भाता फाडला. मी रडत गेले तर म्हणाले, "पोरी, तू गप ऱ्हा. तुला या गल्लीत नांदायचं हाय." त्यांनी माझं नाव कुणापाशी काढलेलं नाही.

बुधवारी देवळापुढं बैठक आहे. गल्लीतला भाऊसो म्हणतोय, त्यांना गल्लीतून उठवायचं. मी सगळं सांगणार आहे. पण मला भीती वाटते गं, गल्लीची, नवऱ्याची, मनुबाईच्या तोंडाची. रोज उंबऱ्यापर्यंत जाते आणि मागं फिरते. म्हणून हे लिहून ठेवलं. बुधवारी सकाळच्या गाडीनं ये आणि हे पत्र घेऊन माझ्यासमोर बस. माझं तोंड उघडलं नाही, तर तू ऊठ आणि सगळ्यांना हे वाचून दाखव. माझी गय करू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायला भिणारी,
विजयमाला