बोक्याचा वारस

गुरुवार, १४ मार्च २०२४, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. गोदामामागच्या मशीनच्या खोलीत स्टुलावर बसून मी पंख्याची जाळी जुन्या टूथब्रशने साफ करत होतो, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला: उद्या सकाळी सातला उपाशीपोटी या. जाळी पूर्ण केली, हात धुतले आणि हे लिहायला घेतले.

मी, वय सव्वीस, शिक्षण बारावी आणि पुढे अर्धवट, काम गोदामाचे कॉम्प्युटर सांभाळणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. आतडे नाही, पण त्याला कायद्याची हरकत नसावी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हर्निया आहे बाळा, लोक तिसऱ्या दिवशी जिने चढतात." चढत असतील. मी मात्र बॅकअप घेतल्याशिवाय काहीही बंद करत नाही, मग स्वतःला कसा करू?

कलम १. बँकेतली शिल्लक आणि खोलीचे डिपॉझिट आईला. तिने ते दादाला उसने देऊ नये.

कलम २. दादाला माझा शब्दकोश. दर वाढदिवसाला तो 'आशिर्वाद' लिहून पाठवतो. 'शी' दीर्घ आहे, दादा. पान दुमडून ठेवले आहे. आशीर्वाद पोचले, हेही नमूद करतो.

कलम ३. बोका. हा प्राणी नव्हे. टॉमकॅट नावाचा वेब सर्व्हर आहे, म्हणजे मशीनमधली माहिती फोनच्या पडद्यावर पोचवणारा प्रोग्रॅम, जावा भाषेत लिहिलेला, कोणीही फुकट घेऊन चालवावा असा. नावाचा अर्थ कळल्यापासून सगळे गोदाम त्याला बोकाच म्हणते. तो आमच्या जुन्या मशीनवर चालतो. हे मशीन म्हणजे फ्रिजएवढे काळे धूड. सुटे भाग किती शिल्लक, बिले कोणाची, सगळे त्याच्या पोटात. त्याचा हिरव्या अक्षरांचा पडदा फक्त काकांना वाचता येतो. काका नात्याने कोणी नव्हेत. हे मशीन तरुणपणापासून सांभाळणारे आमचे प्रोग्रॅमर.

गेल्या वर्षी मालकीणबाईंनी बजावले, "महिनाअखेर आपल्या माणसांना फोनवर माल दिसला पाहिजे. नाहीतर हे धूड भंगारात." मी बोक्याचे नाव काढले.

"माझ्या मशीनवर मांजर चढवायचं नाही," काका म्हणाले. "सांगून ठेवतो."

"मग भंगारवाला चढेल, काका."

दोन दिवसांनी काका माझ्या मागे येऊन म्हणाले, "ऊठ. पासवर्ड मी टाकतो. तू तिकडे बघ."

बोका चढला. पहिले बिल फोनवर उघडले, तर ग्राहकाच्या नावाच्या जागी गिचमिड.

"वा! पहिल्याच दिवशी नावं खाल्ली तुझ्या बोक्यानं," काका म्हणाले.

त्या मशीनवर प्रत्येक फाइलला लिपीचा एक नंबर चिकटवलेला असतो. आमच्या फाइलवर ६५५३५ होता, म्हणजे 'हात लावू नका, आहे तसे द्या'. काकांनी तो बदलून ११३७ केला, म्हणजे देवनागरी. गिचमिड गेली, प्रश्नचिन्हे आली. मग मी बोका सुरू करण्याच्या आज्ञेत यूटीएफ-८, म्हणजे फोनला कळणाऱ्या लिपीचे नाव, लिहिले. प्रश्नचिन्हे गेली आणि दुकानदाराचे नाव उमटले, वेलांटीसकट.

"रफार जागेवर आहे रे!" काका ओरडले. गोदामातले लोक काय जळाले म्हणून धावत आले. धूड वाचले. तेव्हापासून एकाही नावाचा काना हललेला नाही.

पण या सोमवारी मालकीणबाईंनी विचारले, "तू रजेवर, मग बोका बंद पडला तर त्याला उठवणार कोण? शुक्रवारपर्यंत माणूस सांग, नाहीतर नव्या मशीनच्या करारावर मी सही करते."

काका तिथेच होते. म्हणाले, "मशीन माझं. बोका याचा."

तरीही बोक्याचा ताबा, त्याचे पासवर्ड आणि त्याला उठवण्याची कृती मी काकांनाच देतो. दुसऱ्या कोणाच्या हाती मला झोप लागणार नाही, भूल दिली तरी.

साक्षीदार १: पॅकिंगच्या मावशी (सही). "शुभ बोल रे जरा," असे म्हणून केली.

साक्षीदार २: इथे काकांना बोलावले. बोका ते घेणार नाहीतच, निदान सही मिळेल, असे मला वाटले होते. त्यांनी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून वाचले. पेन टेकवले. मग विचारले,

"साक्षीदाराला वारसा मिळतो का रे?"

"नाही, काका. त्याला दिलेलं रद्द होतं."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "मग ड्रायव्हरला बोलाव. मी सही करणार नाही." आणि दारातून ओरडले, "मालकीणबाई, करार फाडा! बोक्याला माणूस मिळाला!"

साक्षीदार २: ड्रायव्हर (सही).

ठिकाण: मशीनची खोली, स्टूल. दिनांक वरीलप्रमाणे. लिहून देणार: मी (सही).

हिशेब: इस्पितळात भरले आठ हजार. बोक्यावर आजवर खर्च शून्य. देणे: काकांचे दोनशे, माझ्या फोनच्या केबलचे. द्यायला गेलो तर घेतले नाहीत. म्हणाले, "परत येऊन दे. बुडवायचे नाहीत."