मांजरासारखं चामडं

डेडेई बेटा,

तू नीट करून ठेवलेल्या तपकिरी स्वेडच्या पर्सवर माझ्या हातून चहा सांडला. ओलं फडकं उचललंच होतं, इतक्यात तुझं बोलणं आठवलं: "बाबा, हे चामडं म्हणजे मांजर! पाणी खपत नाही, उलटं कुरवाळलेलंही नाही." मग टिपून, पंख्याखाली वाळवून, माझ्या खोडरबराने हलकेच घासलं आणि तुझ्या ब्रशने लव एका दिशेला बसवली. कांतामांतो बाजारात परदेशातून येणाऱ्या ज्या जुन्या पर्सना मी मेलेल्या गोऱ्यांची अडगळ म्हणायचो, त्यांत तू जीव कसा आणतेस, ते आज बोटांना कळलं.

दुपारी तुझ्या गिऱ्हाईक लाम्प्टेबाई पर्स न्यायला येण्याआधी उजेडात बघून घे. माझ्यामुळे तुझ्या कामाला बोल लागू नये. मी मागे आंब्याखाली वाचत बसलोय. डाग दिसला तर हाक मार. नाही दिसला तरी मार.

तुझा सासरा