बरगडीवरचा डाग

पोलादपूर

डॉक्टरसाहेब,

स्कॅनमध्ये डाव्या बरगडीवर नवा डाग दिसला, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कुठे पडलात का?" मी नाही म्हणाले. ते खरंच आहे. मी पडले नव्हते.

उपचार संपल्यापासून दर सहा महिन्यांनी स्कॅनची तारीख जवळ आली की मला झोप लागत नाही आणि आमच्या ह्यांचा हात उठतो. या वेळी, "सारखं काय गो तुझं स्कॅन, स्कॅन? मर नायतर जग एकदाची!" म्हणत त्यांनी बसायचा पाट उचलून मला हाणला. मग भिंतीशी दाबून लाथा घातल्या. डाव्याच बाजूला.

डाग दिसल्यापासून मात्र ते रडतात, मला चहा करून देतात. कॅन्सर उलटला असं त्यांना वाटतं. डाग माराचाच असावा, अशी मला आशा आहे. खात्री नाही.

सोमवारी तुम्ही सुई घालून तुकडा काढणार आहात. त्याआधी मला पुन्हा विचारा. फक्त ह्यांना बाहेर बसवा, आणि पडलात का असं नको, कुणी मारलं असं विचारा.

हे पाकिटात घालायचं धैर्य नसलेली तुमची पेशंट,
नीलम उतेकर