डबल बेल मीच दिली

प्रिय उस्ताद,

तुझ्या जुन्या कंडक्टरचा सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सर्व मंडळी घामाने निथळत असून तुम्ही मंडळी तिकडे कोरडी असाल अशी आशा करतो. तुझा डावा गुडघा कसा आहे? (क्लच दाबून दाबून गेलेला गुडघा तेल चोळून परत येत नसतो, हे मी तुला कधीच सांगितलं होतं. पण तू माझं ऐकायचास ते फक्त बेलपुरतं.) वहिनींना नमस्कार. फोनच करणार होतो, पण इंजिनाच्या शेजारी जन्म काढून तुझे कान गेलेत. तू तिकडून "काय? काय?" करणार, मी इकडून ओरडणार, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ उद्या सकाळी आपल्याकडे परत निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देतोय.

तर आम्ही चिरंजीवांच्या हट्टाने परदेशी आलो. मी, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि नात. सगळ्यांनी मिळून घराबाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. मी नोकरीभर फिरतच होतो म्हणा, पण सौ. म्हणते ते फिरणं नव्हे, ती ने-आण. तिचंही खरं आहे. सगळ्या गावाला मी यात्रेला, लग्नाला, माहेरी, सासरी पोचवलं आणि तिला शेजारच्या तालुक्यापलीकडे नेलं नाही. या सहलीत तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती. या शहरातून मोठी नदी वाहते, तिच्यात संध्याकाळी होडीतून फेरी मारायची. बाकी तुम्ही म्हणाल तिथे येते, म्हणाली. उस्ताद, एवढं एक मागणं लक्षात ठेव, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडतं.

इथलं ऊन कसं आहे म्हणशील, तर आपली ती सगळ्यात जुनी गाडी आठव, जिचं इंजिन तुझ्या बाजूला पत्र्याच्या झाकणाखाली असायचं. गर्दीच्या दिवशी त्या झाकणावर ज्याला जागा मिळायची तो घाट चढून होईस्तोवर अर्धा शिजायचा. हे अख्खं शहर त्या झाकणावर बसलंय. शिवाय एवढी माणसं भर दुपारी कुठे जात असतात ते कळत नाही. परत येतात तेव्हाही तेवढीच असतात. मी चिरंजीवांना विचारलं, इथे काय आहे आज? ते म्हणाले, बाबा, आज काहीच नाहीये, मंगळवार आहे.

हॉटेलात तर पहिल्या दिवशीच गोंधळ झाला. खोलीला कुलूप नाही, कार्ड आहे. दोन कार्डं मिळाली ती मी माझ्या गळ्यातल्या पिशवीत टाकली. (हो, तीच आपली चामड्याची पिशवी, पट्टा नवा घातलाय. निवृत्तीनंतर ती रिकामी खुंटीला पाहवेना.) आत गेलो तर दिवे नाहीत, पंखा नाही, गार हवेचं यंत्र नाही. मी म्हटलं, शहर मोठं पण वीज नाही, आपल्यासारखंच दिसतंय. आम्ही पाचही जण अंधारात वर्तमानपत्राने वारा घेत बसलो. शेवटी साफसफाईच्या बाई आल्या आणि त्यांनी खुणेने विचारलं, कार्ड कुठेय? ते दाराशेजारच्या खाचेत ठेवलं की वीज येते म्हणे! आणि मी पिशवीचा चाप लावून, वर हात ठेवून बसलेला. सौ. एवढंच म्हणाली, "अजून काय काय आहे हो त्या पिशवीत आमचं?" मी सांगितलं, सगळ्यांचे पासपोर्ट, कार्डं, होडीची तिकिटं. तिकिटं सूनबाईंच्या फोनवर आली होती, पण मी ती कागदावर छापून मागितली. हातात कागद असल्याशिवाय मला ते तिकीट वाटत नाही. सूनबाईंनी छापून आणली बिचारीने.

आता काल दुपारचं सांगतो. होडीच्या धक्क्याकडे जायला आम्ही बस घेतली. उस्ताद, त्या बसमध्ये कंडक्टर नाही! मी मागच्या बाकापर्यंत पाहून आलो. म्हटलं, असेल कुठे तरी गर्दीत, तिकिटं देत असेल. तर नाहीच. दाराशी एक यंत्र बसवलंय, लोक त्याला कार्ड दाखवतात, ते "टुक" म्हणतं आणि माणूस आत. यंत्र सुटे मागत नाही, "आधी उतरू द्या" म्हणत नाही, की अर्ध्या तिकिटाचं पोर मिशी फुटलेलं निघालं तरी हटकत नाही. आणि बेल? बेल म्हणजे खांबाखांबावर लाल बटणं, ज्याला उतरायचं त्याने स्वतः दाबायची. माकडाच्या हाती कोलीत. (इथले लोक दाबतात व्यवस्थित, हे कबूल केलं पाहिजे. पण तत्त्व म्हणून बोलतोय.)

या सगळ्याचं व्हायचं तेच झालं होतं. दाराशी चेंगराचेंगरी आणि मागे नाचायला जागा. मी सौ.ला कबूल केलं होतं की सहलीत कुणाला काही शिकवायला जाणार नाही. दोन थांबे दातावर दात ठेवून उभा राहिलो. तिसऱ्या थांब्यावर एक म्हातारी आजी पायरीवरच लटकलेली पाहिली आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "चला, पुढे चला, पुढे मोकळं आहे!" मोकळं होतं मागे, आपल्या गाड्यांना दार मागे असायचं म्हणून जीभ तशी वळते. पण हात मात्र बरोबर मागे दाखवत होता. आणि लोक सरकले! भाषेचं एक अक्षर कळलं नसताना सरकले! एकाने बाकावरची पिशवी उचलून आजीला जागा दिली. एका मुलीने मला तिचा पास दाखवला. मी पाहिला, मान डोलावली, परत दिला. ती पुढे गेली. उस्ताद, निवृत्त झाल्यापासून मला कुणी पास दाखवला नव्हता.

आणि आता घडलं ते. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आलं आपलं." मी दाराशी उभा राहिलो. सावकाश, सावकाश करत नातीला उचलून खाली ठेवली. सूनबाईंना हात दिला. चिरंजीव उतरले. सौ.ला कोपराला धरून पायरी उतरवली. (तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, सबंध सहलीत पहिल्यांदा.) मागून आणखी तिघं-चौघं उतरले. दार मोकळं झालं. मी मान बाहेर काढून पाहिलं, कुणी धावत येत नाही ना. मग बटणावर बोट ठेवलं आणि डबल बेल दिली. दार मिटलं, गाडी सुटली. सौ. फूटपाथवर, मी काचेच्या आत. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. आणि उस्ताद, हे फक्त तुला सांगतो, मी तिला हाताने खूण केली, "व्हा पुढे, व्हा पुढे."

पहिल्या वळणापर्यंत मला वाटत होतं की सगळं यथास्थित पार पडलंय. वळणावर लक्षात आलं की ती उतरलेली माणसं आपली होती, आणि त्यांच्याबरोबर मलाही उतरायचं होतं.

मग मी विचार करायला बसलो (जागा रिकामी होतीच), की हरवलंय कोण? पासपोर्ट माझ्याकडे, कार्डं माझ्याकडे, हॉटेलचं नाव माझ्याकडे, होडीची तिकिटं माझ्याकडे. म्हणजे मी काही हरवलेलो नाही. पण ती चार माणसं एकत्र होती आणि त्यांना आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक होतं, म्हणजे तीही हरवलेली नाहीत. माझा फोन फोटो काढायला सौ.ने घेतला होता, तो तिच्या पर्समध्ये. कुणाचा नंबर पाठ नाही. जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. चिरंजीव कालपासून एकच विचारतायत, बाबा, तुम्ही पुढच्या थांब्याला उतरला का नाहीत? आता त्यांना काय सांगू? चालू फेरीत, भरल्या गाडीतून, कंडक्टर उतरतो का कधी? शिवाय माझा हिशेब होता की गाडी ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने परत येते. इथे येत नाही. इथे रस्ते एका दिशेचे आहेत. जाताना नदी डाव्या हाताला होती, येताना नदीच नव्हती.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले आणि मी सवयीने बाकाखाली वाकून पाहू लागलो. एक छत्री आणि लहान मुलाचा एक बूट निघाला. ते घेऊन उभा राहतो तो समोर ड्रायव्हर. आपल्याच वयाचा, तुझ्यासारखंच पोट. माझ्या हातातली छत्री पाहिली, गळ्यातली पिशवी पाहिली, तिच्या पट्ट्याने झिजलेला माझा खांदा पाहिला, आणि हसला. मी हवेतच दोरी ओढून टण्-टण् असा आवाज करून दाखवला. त्याने मला खांद्याला धरून सरळ कँटीनमध्ये नेलं. तिथे पाच-सहा ड्रायव्हर बसले होते. काय बोलत होते देव जाणे, पण वाहतूक अधिकाऱ्याला शिव्या देत होते एवढं मला नक्की कळलं, कारण सूर तोच. त्याने डावा गुडघा दाबून तोंड वाकडं केलं, तेव्हा मी तुझी नक्कल करून दाखवली, लंगडत. सगळे टेबलावर हात आपटून हसले. तू तिकडे प्रसिद्ध आहेस आता. मग त्याने हॉटेलचं कार्ड पाहून मला आपल्याच गाडीत पुढे बसवलं. वाटेत थांबे आले तसा मी बटण दाबत राहिलो, आणि उस्ताद, तो आरशातून माझ्याकडे बघायचा आणि दुसरी बेल पडेपर्यंत गाडी हलवायचा नाही. हॉटेलसमोर थांबा नव्हता, तरी थांबवलीन.

खरं सांगू? सहलीतली सगळ्यात चांगली दुपार तीच. हे मात्र घरात कुणाला कळता कामा नये.

दिवे लागल्यावर हॉटेलात शिरलो तर चिरंजीव दाराशी येरझाऱ्या घालतायत. सौ. खुर्चीत शांत बसलेली. मला पाहून म्हणाली, "आलात?" बस्स. त्यानंतर कालपासून माझ्याशी चार शब्दांच्या वर बोललेली नाही. तिच्या चपला ओल्या होत्या, वाट बघून घामाने झाल्या असाव्यात. नात धावत येऊन "आजोबा, आम्ही ना..." म्हणाली तर सूनबाईंनी तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. रडत असणार पोर संध्याकाळभर. माझ्याकडे तिकिटं, म्हणजे होडी चुकली, आणि सौ.चं ते एकच मागणं होतं. मी म्हटलं, आज पुन्हा जाऊ या का? तर म्हणते, "राहू दे, आता काय त्याचं." कालपासून मी पिशव्या उचलतो, रांगेत उभा राहतो, दुकानांत बोलावतील तिथे जातो, आणि खोलीतल्या किटलीवर सकाळ-संध्याकाळ तिला चहा करून देतो. ती पिते, पण काही बोलत नाही. पन्नाशीच्या पुढे बायको रुसली तर काय करायचं असतं, हे मला कळत नाही. आमच्यात याआधी रुसवा धरायला वेळच नव्हता, मी ड्यूटीवर असायचो.

असो. थोरामोठ्यांस नमस्कार, गुडघ्यास विश्रांती.

तुझा,
कंडक्टर

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. तू सौ.च्या नावे एक वेगळं पत्र टाक, ते आम्ही घरी पोचेपर्यंत येऊन पडलेलं असू दे. तुझ्या शब्दाला ती मान देते, तू फार बोलत नाहीस म्हणून. लिही की हा धंद्यातला आजार आहे, बऱ्याच कंडक्टरांना होतो, आणि यात बायकोला मुद्दाम रस्त्यात सोडण्याचा हेतू नसतो. तुलाही एकदा असंच झालं होतं म्हणून लिहिलंस तरी चालेल. ड्रायव्हर गाडी सोडून उतरला, असं काही तरी. कँटीनचा उल्लेख नको.

ता. क. दुसरं : मला एकट्याला खोलीबाहेर सोडत नाहीत, त्यामुळे पाकीट चिकटवून शेजाऱ्यांना द्यायचं काम सौ. करणार आहे. काळजी करू नकोस, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

भावोजी, नमस्कार. दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही हे खरं, पण नवऱ्याचं पत्र दुसऱ्याचं कसं होईल? होडीत आम्ही बसलो. तिकिटं सुनेच्या फोनवर होतीच, तो कागद फक्त ह्यांच्या समाधानासाठी छापला होता. मुलाला हॉटेलच्या दाराशी बसवलं आणि आम्ही तिघी गेलो. मी अगदी पुढे बसले होते, पाण्यात पाय सोडून. चपलांसकट सोडले, घाईत. ह्यांची काळजी म्हणाल तर नव्हती. गाडीत असेपर्यंत हे हरवत नाहीत, घोटाळा होतो तो उतरल्यावर. आणि आणखी एक. गाडी सुटली तेव्हा मी पत्र्यावर थाप मारली असती तर ती थांबली असती, तुमच्याकडूनच ऐकलंय इतकी वर्षं. हात वर नेलाही होता. मग काचेतून ह्यांचं तोंड दिसलं. निवृत्त झाल्यापासून इतकं खूश तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून हात खाली घेतला. हे चहा बरा करतात, हे मला संसारात पहिल्यांदाच कळलंय. तेव्हा आजाराबिजाराचं काही कळवू नका. पत्र लिहाच, पण ह्यांना लिहा. आणि एवढंच लिहा, की वहिनी अजून रागावलेली दिसते.