न विचारता मिळणारा चहा

अंधेरी, सोमवार

ती. मीरामामीस,

धम्मपालचा सप्रेम जयभीम. मामाचा गुडघा काय म्हणतो? जिने टाळ म्हणावं त्याला (ऐकणार नाही, तरी म्हण). फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच हसतेस, म्हणून हे पत्र.

गेला आठवडा फार वाईट गेला गं. शुक्रवारी नंदकुमार साहेबांना काम दाखवायचं होतं आणि त्यावरच माझी नोकरी पक्की होणं अवलंबून होतं. काम म्हणजे शीतगृहातल्या उपकरणांचा प्रोग्राम, रस्ट नावाच्या भाषेत. एक उपकरण तापमान मोजतं, दुसरं दमटपणा. सगळ्यांसाठी मी एकच करार लिहिला (आमच्यात त्याला ट्रेट म्हणतात), की विचारल्यावर प्रत्येकाने आपलं माप द्यावं. कसलं माप, ती जागा मात्र मी ऐटीत रिकामी सोडली. म्हटलं, मोकळीक असावी. तिथेच माती खाल्ली. कंपायलर, म्हणजे आमचा कोड तपासणारा प्रोग्राम, ओळीओळीला विचारायला लागला, कसलं माप ते सांग. तो बिचारा सज्जन, चुकीसोबत उपायही सुचवतो. तो सुचवेल तिथे मी ‘कुठलंही माप’ अशी तीच रिकामी जागा पुन्हा लिहीत गेलो आणि ती गोवरासारखी फाइलभर उठली. शेजारचा यज्ञेश स्क्रीन बघून म्हणाला, “भावा, वाट लागली रे तुझी!”

तेव्हा मला तू आठवलीस. घरात कितीही पाहुणे येवोत, तू कोणालाच “काय घेणार?” विचारत नाहीस. श्यामकांतकाकांना बिनसाखरेचा चहा, रेवतीवहिनीला कोकम सरबत. एकदा ठरलं की ठरलं. (मला हल्ली कॉफी आवडते, पण तुझ्याकडे चहाच मिळतो. तक्रार नाही.) मीही तेच केलं. रिकामी जागा काढली आणि आपण काय मोजतो ते प्रत्येक उपकरणाने करारात शिरतानाच एकदा सांगून टाकायचं, असं ठरवलं. चुका भराभर गेल्या. मामी, मला तुझा इतका अभिमान वाटला की ऑफिसात डोळे पुसावे लागले. साहेबही जाम खूश झाले.

तुझा,
धम्मपाल

ता. क. ही रचना कोणाची, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, कांदिवलीच्या मीरा मॅडमची. ते तुला मोठी सल्लागार समजलेत आणि रविवारी भेटायला येतायत. माझ्या पक्क्या नोकरीच्या कागदावर सही त्यानंतर करणार आहेत. नाही म्हणू नकोस ना.

ता. क. २. साहेब आधी चहा घेतात आणि लगेच वर कॉफीही मागतात. आपल्या रचनेत एकाला एकच, त्यामुळे असा माणूस तिच्यात बसतच नाही, त्याच्यासाठी ती रिकामी जागाच लागते. तेव्हा कॉफी संपली म्हणून सांग. ती मला दे.