बसमध्ये तू गप्प राहिलीस

माय, शाळेच्या बसमध्ये तू सगळ्या पोरांना बेटा म्हणायचीस आणि मलाही बेटाच म्हणायचीस. घरी मी 'बाई' होते, चिडलीस तर 'भवाने'. पण सकाळी बसच्या पायरीवर माझा दंड धरून मला वर घेताना तू ओळखीचं बघायचीसुद्धा नाहीस. "चल बेटा, आत सरक." हे तूच ठरवलं होतंस. बिडकीनजवळचं गाव सोडून आपण मुकुंदवाडीत एका खोलीत आलो, अण्णा चिकलठाण्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागले, तुला बसवर पोरं चढवायचं-उतरवायचं काम मिळालं आणि बसमालकाच्या ओळखीनं मला त्याच इंग्रजी शाळेत जागा मिळाली. पहिल्या दिवशी माझी वेणी घालता घालता तू म्हणालीस, "तिथं मला माय म्हणायचं नाय. मावशी म्हण, सगळी म्हणत्यात तसं." का, म्हणून मी विचारलं. "त्या पोरी तुझ्याजवळ बसाव्यात म्हणून," एवढंच बोललीस आणि वेणी अशी ओढलीस की डोळ्यात पाणी आलं.

घर कुठंय हेही कळू द्यायचं नव्हतं. जालना रोडच्या आतल्या बाजूला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर मी सकाळी चढायचे आणि दुपारी उतरायचे, तिथंच राहत असल्यासारखी. बस पुढं जायची. शेवटचं पोर सोडून तू चालत परत यायचीस, तोवर मी वॉचमनबाबांच्या केबिनमध्ये बसायचे. ते गंगापूरकडचे, तुझ्या माहेरच्या गावचे. तू त्यांना दादा म्हणायचीस. मला स्टुलावर बसवून ते स्वतः बाहेर उन्हात उभे राहायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "नको लेकरा, मला हितंच बरंय." लोक काय बोलू शकतात, हे त्यांना आपल्या आधी कळलं असावं.

मी नववीत असताना त्या सोसायटीत एक कुटुंब राहायला आलं आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आली. तिनं मला गेटवर पाहिलं, मग केबिनमध्ये पाहिलं. मी तिथल्या कुठल्याच फ्लॅटमध्ये राहत नाही, हे तिनं शोधून काढलं. एवढं पुरेसं होतं. आठवडाभरात माझ्या शेजारचा बाक रिकामा झाला. मी पाणी प्यायला गेले की नळावरच्या मुली एकदम गप्प व्हायच्या. "ती रोज वॉचमनकडं जाते" हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते बसमध्येच. मला अजून दिसतं. मागच्या सीटवर त्या तिघी बसल्यात, मी पुढं खिडकीशी आहे, तू मधल्या दांड्याला धरून उभी आहेस. "मावशी, ती त्या गेटवर उतरते ना, कुणाकडं जाते हो?" एक विचारते आणि बाकीच्या तोंडावर हात ठेवून हसतात. मी काचेत तुझा चेहरा शोधतेय. तू वाकतेस, तिच्या शेजारची काच ओढून लावतेस. "हात आत घे बेटा," म्हणतेस. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. मी दप्तरही काढलं नव्हतं.

"सांग ना त्यांना. मी तुझी पोरगी आहे आणि मला तिथं तूच बसवतेस, एवढंच सांग."

"नाय."

"एका वाक्याचं काम आहे, माय."

"हे बोलणं चार दिसाचं असतंय. विसरतेत पोरी. मी कोण हाय हे कळलं तर ते जलमभर राहील. बसवालीची पोर म्हणतील, वर खोटारडी म्हणतील."

"म्हणू दे. मला चालेल."

"तुला चालंल?" तू पिठाच्या हातानं माझ्या खांद्याला धरून हलवलंस. "मला नाय चालत. ह्याच्यासाठी उभी हाय व्हय मी त्या पायरीवर?"

युनिफॉर्मवर पिठाची चार बोटं उठली. ती मी झटकली नाहीत, तूही झटकली नाहीस.

चार दिवसांत कुणी काही विसरलं नाही. बोलणं मुलींकडून त्यांच्या आयांकडं गेलं, सोसायटीत मीटिंग झाली आणि वॉचमनबाबांना जायला सांगितलं. आपण दोघी भेटायला गेलो तेव्हा ते वळकटी बांधत होते. तिथं मात्र तुझं तोंड उघडलं. "दादा, मी सांगते त्यास्नी. आत्ता जाते, खरं काय ते सांगते." त्यांनी वर न बघता दोरीला गाठ मारली. "आता काय सांगतीस ताई. पुन्हा लेकराचं नाव निघंल. मी जातो, शेरडं राखीन गावाकडं." एरवी ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी ठेवला नाही. लांबूनच मान हलवली आणि एसटी गाठायला निघाले. तू रडलीस. मला तेव्हा तुझ्या रडण्याचाही राग आला.

मग मी तुझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. दहावी झाली, कॉलेज सुरू झालं, आणि बारावीत असताना तुला कावीळ झाली. दवाखान्यात शेवटी शेवटी तू मला बेटा म्हणायला लागलीस. "सरक बेटा, आत सरक." तापात होतीस की बसमध्ये होतीस, कळायला मार्ग नव्हता. मी सरकले, एवढंच.

आता मीच शाळेत शिकवते, माय, बीड बायपासकडच्या एका शाळेत. आता नळाशी कुजबुजायची गरज पडत नाही, सगळं फोनवर फिरतं. यंदा माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो असाच फिरला. नऊवारी, नथ, भडक लिपस्टिक, एका लॉनच्या बाहेर गाडीतून उतरताना. त्याखाली काय काय लिहिलं होतं ते तुला सांगवत नाही. मी तिला बाजूला घेतलं. ती आधी हसली. "काही नाही मॅडम, मी मस्त आहे." मग म्हणाली, "लग्नात स्वागताला उभी राहते मी. गुलाबपाणी शिंपडायला. घरी माहितीये. शाळेत मी डान्स क्लास सांगितलाय." जरा वेळ तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "खरं सांगितलं तर थांबेल का हो मॅडम?"

मी हो म्हणाले. इतक्या ठामपणे म्हणाले की तिचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी माझ्याच तासाला ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. वर्ग ऐकून घेत होता. मला वाटलं, झालं. पण त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी वर्गाच्या दारात दोन्ही बाजूंनी पोरं हात जोडून उभी, पाण्याच्या बाटलीची टोपणं घेऊन. ती आली तसं "या, या, स्वागत आहे" म्हणत त्यांनी तिच्यावर पाणी शिंपडलं. मी ओरडले, शिक्षा केली, पालकांना बोलावलं. तोवर त्याचाही व्हिडिओ झाला होता. ती त्यानंतर शाळेत आली नाही. दाखला न्यायला तिचे वडील आले, फार अदबीनं बोलले. "गप बसली असती तर विसरले असते, मॅडम. बोल म्हणून कुणी सांगितलं कोण जाणे." मी त्यांना पाणी दिलं. 'मीच सांगितलं तिला,' हे माझ्या तोंडून निघालं नाही.

इतकी वर्षं मला खात्री होती, माय, की तू ते एक वाक्य बोलली असतीस तर सगळं थांबलं असतं. आता ती खात्री राहिली नाही. तू बरोबर होतीस असंही मला म्हणवत नाही, वॉचमनबाबांची वळकटी डोळ्यांसमोर येते. बोललं तरी तेच, गप्प राहिलं तरी तेच. उद्या आणखी एखादी मुलगी विचारेल तेव्हा तिला काय सांगायचं, मला माहीत नाही. हे कुठं पाठवायचं नाही, वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहिते: तुझ्यावर रागवायला आता माझ्याकडं कारण उरलं नाही, आणि रागाशिवाय तुझी आठवण कशी काढतात हे मला येत नाही.